काळजी घेणं आणि काळजी करणं



बैठक संपते, सतरंजी झटकून घडी घालतो, आणि मग खरं बोलणं सुरू होतं. बचतीचं, हप्त्याचं, बँकेच्या फेरीचं आधीच उरकलेलं असतं. चप्पल घालता घालता एखादी बाई थांबते आणि हळूच म्हणते, "ताई, रात्री झोपच लागत नाही बघा. छाती धडधडती. यावर रेडिओवर कधी बोलणार?" या वर्षात हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा आला, की आज त्यावरच बोलायचं ठरवलं.

काळजी करू नका, असं सांगणारे पुष्कळ आहेत. आज आपण ख्रिस्ती धर्मात याबद्दल काय सांगितलंय ते बघणार आहोत. कृपा, विश्वास आणि उपकारस्तुती हे तीन शब्द तिथं वारंवार येतात. आमच्यातल्या काहीजणी ख्रिस्ती घरांत वाढल्या, त्यामुळं हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. तेच शब्द चुकीच्या वेळी, चुकीच्या सुरात सांगितले तर माणूस आणखी कसं खचतं, तेही आम्ही जवळून पाहिलं. आपल्या गटांत सगळ्या जातिधर्मांच्या बाया आहेत. कुणाला धर्म शिकवायचा हेतू नाही. ज्या मैत्रिणीला जे घ्यावंसं वाटेल ते तिनं घ्यावं.

आधी एका ताईंची गोष्ट. त्यांनी स्वतःच सांगितलं, की नाव घेऊ नका पण गोष्ट जरूर सांगा. ताई ख्रिस्ती आहेत, गटाच्या जुन्या सदस्य आहेत. गटातून कर्ज काढून त्यांनी म्हैस घेतली. दूध चांगलं होतं, चार हप्ते वेळेवर आले. पावसाळ्यात म्हैस आजारी पडली आणि तीन दिवसांत गेली. विमा काढलेला नव्हता. पुढच्या बैठकीला ताई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही बैठकीला नाहीत. आणि आम्ही काय केलं? नियमाप्रमाणे रजिस्टरमध्ये गैरहजेरीचा दंड लिहिला, प्रत्येक बैठकीला दहा रुपये. निरोपही धाडला, की दंड झालाय, येताना घेऊन या. आज सांगताना लाज वाटते, पण तसंच घडलं.

तिसऱ्या बैठकीला आल्या नाहीत तेव्हा दोघीजणी घरी गेलो. ताई चुलीपुढं बसल्या होत्या, चूल विझलेली. महिनाभर धड झोप नव्हती. छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांकडं जाऊन आल्या होत्या. हृदयाची पट्टी काढली, ती चांगली निघाली. मग हे काय आहे, ते कुणी सांगितलं नाही. हप्त्याची चिंता होतीच, पण त्याहून जड काही दुसरंच होतं. त्या म्हणाल्या, "देवानं मला शिक्षा केली. मी उपासनेला खाडे केले ना, म्हणून." आणि वर भेटायला आलेल्या बायांनी सांगितलं होतं, काळजी करणं म्हणजे अविश्वास, अविश्वास म्हणजे पाप. म्हणजे बघा, म्हैस गेल्याची काळजी एक, हप्त्याची दुसरी, आणि आता काळजी करते म्हणून देव रागावला असेल, ही तिसरी. एका ओझ्याची तीन झाली.

त्या बायांचं मन वाईट नव्हतं. त्यांनी बायबलमधलंच सांगितलं होतं, फक्त अर्धं सांगितलं होतं. उरलेलं अर्धं आम्ही पाळकांना विचारायला गेलो. त्यांनी जे उलगडून दाखवलं, ते आमच्या शब्दांत सांगतो.

काळजी करू नका असं ज्या पत्रात लिहिलंय, ते पौलानं फिलिप्पै नावाच्या गावच्या मंडळीला लिहिलं. हे गाव आजच्या ग्रीस देशाच्या उत्तर भागात होतं. पत्र लिहिताना पौल स्वतः कैदेत होता. सुटका होईल की जीव जाईल, त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या गावची मंडळी सुरू कशी झाली ते 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, आणि ते ऐकून आमच्या गटाला फार गंमत वाटली. नदीकाठी काही बाया प्रार्थनेला जमायच्या. पौल तिथं जाऊन बसला आणि बोलला. त्यांच्यात लुदिया नावाची एक बाई होती, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. तिनं ऐकलं, विश्वास ठेवला, पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं. म्हणजे नदीकाठची बायकांची बैठक आणि एक धंदेवाली बाई, यांच्यातून ती मंडळी उभी राहिली. आमची एक सदस्य लगेच म्हणाली, "मग गटच की हो!"

पुढं ऐका. पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल दोन बायांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघींनी मंडळीसाठी खूप राबलेलं, पण दोघींचं बिनसलं होतं. कशावरून ते लिहिलेलं नाही. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, की एकमताचं व्हा. मंडळीतल्या एका सोबत्यालाही सांगतो, की या दोघींना मदत कर. आणि याच्यानंतर दोन-चार ओळींतच ते काळजीचं वाक्य येतं. आम्ही ते वाक्य लहानपणी कॅलेंडरवर वाचलं, भिंतीवरच्या तसबिरीत वाचलं, तिथं ते एकटंच असतं. पत्रात ते एकटं नाही. आधी भांडण मिटवायला माणूस नेमलाय, मग काळजीचं बोलणं आहे. आपल्या गटातल्या किती जणींची झोप पैशानं नाही, तर जावेच्या नाहीतर शेजारणीच्या अबोल्यानं उडालेली असते, ते आठवून बघा.

आता शब्दाकडं येऊ. आपल्या मराठीत 'काळजी' हा एकच शब्द आहे, पण त्याला जोडायची क्रियापदं दोन. काळजी घेणं आणि काळजी करणं. लेकराची काळजी घ्यावी लागते. त्याला ताप आला तर पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, दवाखान्यात नेतो. त्याच्या उशाशी बसून, याचं काही बरंवाईट झालं तर, असं रात्रभर मनात घोळवत राहतो, ती काळजी करणं. पहिलीत हात चालतात. दुसरीत हात थांबतात आणि डोकंच तेवढं गरगरत राहतं. पाळकांनी सांगितलं, की पौलानं मूळ पत्र ग्रीक भाषेत लिहिलं आणि त्या भाषेतही असाच एक शब्द आहे. दुसऱ्या अध्यायात तो तीमथ्य नावाच्या आपल्या सोबत्याचं कौतुक करतो, की हा मनापासून तुमची काळजी घेईल. आणि चौथ्या अध्यायात तोच शब्द वापरून म्हणतो, की ती करू नका. एकाच पत्रात एकच शब्द, एकदा कौतुकानं आणि एकदा मनाई म्हणून. तेव्हा त्या मनाईचा अर्थ बेफिकीर व्हा असा लावताच येत नाही.

आणि पौल स्वतः काही दगडाचा नव्हता. दुसऱ्या एका पत्रात तो सरळ कबूल करतो, की सगळ्या मंडळ्यांची काळजी मला रोज दाबून टाकते. तिथंही तोच शब्द आहे. फिलिप्पैहून त्याच्यासाठी मदत घेऊन आलेला एपफ्रदीत नावाचा माणूस आजारी पडून मरणाच्या दारात गेला होता. तो गेला असता तर दुःखावर दुःख आलं असतं, असंही पौल लिहितो. ज्यानं काळजी करू नका म्हटलं, त्यालाच काळजी लागत होती. आमच्या ताईंना हे सांगितलं, तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. "मग माझ्यासारखाच होता की," म्हणाल्या.

येशूनं डोंगरावरच्या शिकवणीत आकाशातल्या पाखरांचा दाखला दिलाय. पाखरं पेरत नाहीत, कणग्या भरत नाहीत, तरी देवबाप त्यांना खाऊ घालतो, असा त्याचा आशय. हे बैठकीत सांगितलं तर एक आजी फटकन म्हणाल्या, "पाखरं पेरत नाहीत खरं, पण आमची पेरलेली ज्वारी खात्यात!" सगळ्या हसलो. पण आजींच्या बोलण्यातच उत्तर होतं. गोफण घेऊन माचावर उभी राहिलेली बाई जाणते, की पाखरू काही आयतं बसून खात नाही. उजाडल्यापासून मावळेपर्यंत ते दाणा शोधत हिंडतं. ते फक्त उद्याचा दाणा आज मनात चघळत नाही. कष्ट सोडा असं त्या दाखल्यात कुठंच नाही.

आता कृपा. हा शब्द समजावून द्यायला आपल्या गटाचं रजिस्टरच बरं पडतं. आपलं सगळं जगणं देण्याघेण्याचं आहे. घेतलं की फेडायचं, उशीर झाला की दंड. लग्नातल्या आहेराचीसुद्धा वही असते, कुणी काय दिलं आणि आपण काय परत द्यायचं. या सवयीनं आपण देवालाही त्याच वहीत बसवतो. उपास केले, प्रार्थना केल्या, म्हणजे जमा. खाडे झाले, म्हणजे नावे. मग म्हैस मेली की वाटतं, वसुली आली. ख्रिस्ती शिकवणीत कृपा म्हणजे जी या वहीत बसतच नाही ती गोष्ट. देवाचं प्रेम आपल्या हजेरीवर मिळत नाही, म्हणून ते गैरहजेरीनं कापलंही जात नाही. ते आधीच दिलेलं आहे, ख्रिस्तात दिलेलं आहे, आणि त्याचा हप्ता नाही. योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शिष्य विचारतात, कुणाच्या पापामुळं हा आंधळा जन्मला, याच्या की आईबापाच्या? येशू दोन्ही नाकारतो. आमच्या ताईंना यातलंच औषध हवं होतं. म्हैस आजारानं मेली. ती शिक्षा नव्हती.

हे वाचून लगेच कळतं असं मात्र नाही. पंडिता रमाबाईंनाही वेळ लागला. आपल्यातल्या कित्येकींनी केडगावचं मुक्ती मिशन ऐकलं असेल. दौंड तालुक्यातलं केडगाव, नगरजवळचं नव्हे, त्यात नेहमी घोटाळा होतो. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, या बाईला काय कमी होतं? विद्या, नाव, धर्म, काम, सगळं होतं. पण 1907 साली त्यांनी आपली साक्ष लिहून छापली, त्यात त्या मोकळेपणानं सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षं मनावरचं ओझं तसंच राहिलं. धर्म हाती आला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ. आपण काही करून देवाला राजी करायचं नसतं, तो आपल्याला आहोत तसं पदरात घेतो, हे पुढं उमगलं आणि मग मन निवलं.

मन निवल्यावर त्या स्वस्थ बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली-बाया आणल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, छापखाना उभा केला. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सगळं बायबल मराठीत आणलं. 1921 साली मनोरमा गेली, हे दुःखही त्यांच्या वाट्याला आलं. पुढच्याच वर्षी, 1922 च्या एप्रिलमध्ये, त्या गेल्या. त्यांचं बायबल त्यांच्या मागं 1924 साली छापून बाहेर आलं. काळजी घेणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

राहिली उपकारस्तुती. पौल सांगतो, की जे हवंय ते देवाला प्रार्थनेत कळवा, पण आभार मानून कळवा. मागणं मनात नुसतं फिरत असतं तोवर त्याला ना आकार असतो ना शेवट. शब्दात आणलं, की "सोळा तारखेचा हप्ता" एवढंच उरतं. आणि आभार जोडले, की मनाला दुसरीकडंही बघावं लागतं. पण आभार नेमके असावेत. "सगळ्याबद्दल धन्यवाद" म्हटलं की मन लगेच परत हप्त्यावर जातं. आमच्या ताईंना झोपताना रोज एकच गोष्ट शोधायला सांगितली. पहिल्या दिवशी म्हणाल्या, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, सासूबाईंनी न सांगता चहा करून दिला. मग एकदा, मोटर जळाली नाही. एकदा, पोरगी शाळेतून हसत आली. म्हैस परत आली नाही, हप्ता माफ झाला नाही. पण रात्र पूर्वी एकाच गोष्टीनं भरलेली असायची, आता तिच्यात दुसरं काही मावायला लागलं.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "जे आहे त्यात उपकार मान" असं सांगणं म्हणजे उपकारस्तुती नव्हे. ते तिचं तोंड बंद करणं आहे. पौलानंसुद्धा तुरुंग चांगला आहे असं कुठं लिहिलेलं नाही. त्यानं तुरुंगाचे नाही, मदत पाठवणाऱ्या माणसांचे आणि देवाचे आभार मानले. घरात मारहाण असेल तर 181 किंवा 112 वर फोन करा, आणि गटात सांगा.

तसंच दवाखान्याचं. झोप नाही, जेवण जात नाही, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, कामात मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस म्हणून सरकारची सेवा आहे, नंबर 14416. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आमच्या ताईंनाही आम्ही तिथं घेऊन गेलो. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "गोळी घेतली तर माझा विश्वास कमी म्हणायचा का?" पाळक म्हणाले, साखरेची गोळी घेताना असं विचारता का? पौलानंही आपल्या शरीरातल्या एका काट्याबद्दल लिहिलंय. तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, आणि तो निघाला नाही. त्या काट्यासकट तुला माझी कृपा पुरेल, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. विश्वास म्हणजे काटा निघेलच याची खात्री नव्हे. काटा असतानाही आपल्याला धरून ठेवणारं कुणी आहे, या भरवशावर पुढचं पाऊल टाकणं, एवढंच.

गटानं आपल्या वाटणीचं काय केलं, तेही सांगायला हवं. ताईंचा हप्ता निम्मा करून मुदत वाढवून दिली. तसा ठराव बैठकीत घेतला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. दोघीतिघी कुरकुरल्या, ते खोटं कशाला बोलू. आज अशी सूट दिली तर उद्या सगळ्याच मागतील, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहेच. गटाचा पैसा सगळ्यांचा आहे. म्हणून सूट मुदतीत दिली, रकमेत नाही. जनावरासाठी कर्ज असेल तर आता विमा काढून कानात बिल्ला मारल्याशिवाय पैसे उचलू देत नाही. ही झाली काळजी घेणं. ताईंचे अजून सहा हप्ते बाकी आहेत. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतील तेव्हा कमी होतील. मध्येच एखादी रात्र वाईट जाते. त्या बैठकीला येतात, सतरंजी घालायला सगळ्यात आधी.

आणि दंडाचे ते दहा-दहा रुपये आम्ही खोडले. रजिस्टर छापील येतं, त्यात गैरहजेरीच्या दंडाचा रकाना अजून असतोच. आमच्या सचिव ताई आता त्या रकान्यात, न आलेल्या बाईच्या घरी त्या दिवशी कोण जाऊन आलं, तिचं नाव लिहितात.